समुद्रफुलाची राखण

त्र्यंबकराव नगरकरांना उभ्या आयुष्यात कुणी वेंधळं म्हटलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी बार्शीहून चेन्नईला आले, पेरांबूरला रेल्वेचे डबे बांधायच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली, आणि आपल्या सहीनंतर एकाही डब्याचं दार दुरुस्तीला परत आलं नाही असं ते सांगत. ते खरंही असावं. चेन्नईने त्यांना तमिळ शिकवलं, पातळ ताक शिकवलं, पण वस्तू जिथली तिथे ठेवण्याचा हट्ट त्यांनी बार्शीहूनच आणला होता. मैलापूरच्या त्यांच्या घरात कात्रीला खिळा ठरलेला होता आणि त्या खिळ्यावर दुसरं काही टांगलं की महाभारत होई. अशा माणसाच्या हातून जे झालं ते निष्काळजीपणाने झालं असतं, तर मनाची समजूत तरी घालता आली असती. पण त्र्यंबकरावांनी जे केलं ते काळजीपोटी केलं, आणि काळजीपोटी केलेल्या चुकीची कुणी माफीसुद्धा नीट मागू शकत नाही.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून चार फुटांची काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. ती त्यांच्या मुलाची, मंदारची. मंदार ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. अडीच वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला जाताना श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. छत्तीस वर्षांचा होता. आई कुमुदिनीबाई त्याआधीच गेल्या होत्या, आणि ते बरंच झालं असं त्र्यंबकराव कधी कधी मोठ्याने म्हणत. मागे राहिले तिघं: म्हातारा बाप, मंदारची बायको ऋजुता, आणि ही टाकी.

टाकीच्या मधोमध एका दगडावर समुद्रफूल बसलेलं होतं, नावाला फूल पण खरा जिवंत प्राणी. मंदारने आणलं तेव्हा आठ आण्याच्या नाण्याएवढं होतं, सात वर्षांत ताटलीएवढं झालं. त्याची जाड, फिक्या तपकिरी रंगाची बोटं पाण्यात सदैव हलत, आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे त्या बोटांत शिरून झोपत. समुद्रफुलं पायाने सरकतात. मंदारने याला तीनदा दुसऱ्या दगडावर बसवलं, आणि तिन्ही वेळा ते आठवडाभरात चालत चालत आपल्या जागी परत आलं. "हे बाबांवर गेलंय," असं मंदार म्हणायचा, आणि ऋजुता तोंडाला ओढणी लावून हसायची.

ऋजुता नागपूरची. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायची. मंदार गेल्यावर तिच्या आईवडिलांनी तिला किती वेळा बोलावलं, पण ती गेली नाही. का गेली नाही हे तिला कुणी विचारलं नाही, पण त्र्यंबकरावांना ठाऊक होतं. संध्याकाळी कामावरून आली की ती बॅग टाकायची, टाकीसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसायची आणि अर्धा तास तिथून हलायची नाही. सासरा-सुनेत बोलायचे जेवढे म्हणून विषय असतात ते सगळे फिरून मंदारपाशी येऊन अडत, म्हणून दोघं टाकीबद्दल बोलत. आज खारेपणा किती, गोगलगाई किती वर चढल्या, कोळंबीने कात टाकली का. दुसऱ्या घरात भाजीबद्दल बोलतात तसं.

जूनमध्ये कंपनीने तिला सहा महिन्यांसाठी पुण्याला पाठवलं. निघण्याआधी आठवडाभर तिने त्यांना सगळं शिकवलं, पाठ म्हणून घेतलं, फोनवर फोटो कसा काढायचा आणि पाठवायचा तेही शिकवलं. त्या आठवड्यात त्र्यंबकरावांनी सरावापोटी टाकीचे चाळीसेक फोटो काढले. डावीकडून, उजवीकडून, वरून, दिवा निळा असताना, दिवा पांढरा असताना. रिक्षा खाली येऊन उभी राहिली तेव्हा ती पायात चपला घालताना म्हणाली, "बाबा, बाकी घरात काहीही झालं तरी चालेल. एवढं सांभाळा."

ते "हो" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना झोप लागेना. पुण्याहून नागपूर एका रात्रीच्या प्रवासावर. तिची आई तिला काय सांगत असेल हे ओळखायला ज्योतिषी नको. पोरगी पस्तिशीची आहे, पुढे सगळं आयुष्य पडलंय, आणि यात त्या माउलीचं तरी काय चुकत होतं? टाकी आहे तोवर ऋजुता परत येईल, असा त्र्यंबकरावांचा हिशेब होता. टाकी गेली तर या घरात तिच्यासाठी एक म्हातारा उरतो, आणि म्हाताऱ्यासाठी कुणी पुणं सोडून येत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दगडाच्या एका कडेला हिरवं काहीतरी दिसलं, बाळाच्या जावळासारखं. त्र्यंबकरावांना आधी ते गोजिरवाणंच वाटलं. चार दिवसांत ते बोटभर झालं, आठ दिवसांत शेजारच्या दोन दगडांवर गेलं. ऋजुताने शिकवताना सांगितलं होतं की शेवाळ येतं ते उरलेल्या खाण्यावर. माशांना एक दिवसाआड चिमूटभर घालायचं, जास्त घातलं की ते पाण्यात कुजतं आणि शेवाळाची चंगळ होते. त्र्यंबकरावांनी हे ऐकलं होतं, पाठही केलं होतं. पण मासे काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले की त्यांच्याने राहवत नसे. दारी आलेल्याला उपाशी लावायचं नाही, ही कुमुदिनीबाईंची शिस्त. चिमटीची मूठ कधी झाली आणि दिवसाआडचं दिवसातून दोनदा कधी झालं, हे त्यांना कळलं नाही.

मग सुरू झालं घासणं. रोज सकाळी जुना टूथब्रश घेऊन कोपरापर्यंत हात बुडवून ते दगड घासत, आणि बाहेर काढून हात पुसला की माशांना खाऊ घालत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. तुटलेले तंतू पाण्यात पसरत आणि नव्या दगडाला जाऊन चिकटत. महिन्याच्या शेवटी समुद्रफुलाच्या बुंध्यापाशी हिरवी दाढी आली, तेव्हा त्र्यंबकराव खरे घाबरले.

रविवारी दहाला ऋजुताचा फोन यायचा. "कशी आहे टाकी?"

"ठीक आहे," ते म्हणाले. "जरासं हिरवं दिसतंय कडेला. किरकोळ."

"खाणं कमी करा बाबा. फोटो पाठवा."

त्यांनी फोटो पाठवला, पण शेवाळ न दिसणाऱ्या बाजूने. इथवर तसं खोटं काही नव्हतं. लग्नाच्या मुलीचा फोटोही बरी बाजू पाहूनच काढतात.

आता हंड्याचं सांगायला हवं. कुमुदिनीबाई लग्नात माहेरहून तांब्याचा हंडा घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी त्यात पाणी भरून ठेवायचं, सकाळी त्यातलं पहिलं देवाला, मग घरच्यांना. इमारतीत टँकरचं पाणी येवो नाहीतर कॅन येवो, रात्रभर त्या हंड्यात राहिल्याशिवाय ते या घरात पाणी म्हणून मानलं जात नसे. बाई गेल्यावरही त्र्यंबकरावांनी हा नेम मोडला नव्हता. दर शुक्रवारी चिंच आणि मीठ लावून हंडा असा घासत की त्यात तोंड दिसावं.

टाकीतलं पाणी रोज हवेत उडून कमी होतं, मीठ तेवढं मागे राहतं. म्हणून रोज दोन लिटर साधं पाणी वरून घालावं लागतं. त्यासाठी मंदारने स्वयंपाकघरात पाणी गाळायचं यंत्र बसवलं होतं. त्याचं पाणी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पिंपात जमा व्हायचं, आणि त्या पिंपाकडे त्र्यंबकराव पहिल्यापासून संशयाने बघत. त्या पाण्याला ना चव, ना वास. मेलेलं पाणी, असं ते म्हणायचे. शेवाळ वाढलं तसा त्यांचा संशय पक्का झाला. त्यात त्यांना बार्शीची विहीर आठवली. लहानपणी विहिरीला शेवाळ धरलं की आजोबा मोरचुदाची पुरचुंडी दोरीने पाण्यात सोडत, आणि चार दिवसांत पाणी निवळशंख होई. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. टाकीत मोरचूद घालण्याइतके ते अडाणी नव्हते, पण देवाच्या हंड्यातलं पाणी घालायला काय हरकत? शेवाळाला सौम्य औषध, माशांना शुद्ध पाणी. घरात त्याच्याहून चांगलं पाणी नव्हतं, आणि जे घरात सगळ्यात चांगलं ते मंदारच्या टाकीला.

एक ऑगस्टपासून ते यंत्राचं पाणी रात्री हंड्यात भरून ठेवू लागले आणि सकाळी देवाचं झालं की दोन लिटर टाकीत ओतू लागले. ऋजुताला कळवलं नाही. शेवाळ गेलं की सांगू, खूश होईल, असा विचार.

आणि गुण आलाही! पंधरा दिवसांत हिरव्या तंतूंची टोकं पांढुरकी पडली. त्र्यंबकरावांनी शेजारच्या बालाजीरावांना हाक मारून आणून दाखवलं. बालाजीराव तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, बँकेतून निवृत्त, कानाने थोडे जड, आणि भिंतीला भिंत लागून राहणारे. त्यांनी चष्मा काचेला टेकवून पाहिलं.

"शरी, शरी," ते पसंतीची मान डोलावत म्हणाले. "तुमच्या हंड्याला गुण आहे कीं हो राव. बायकोचें पुण्य."

त्या सकाळी त्र्यंबकरावांनी कितीतरी महिन्यांनी स्वतःसाठी शिरा केला.

तीन दिवसांनी पहिली गोगलगाय वाळूवर उताणी पडलेली दिसली. टाकीत अकरा गोगलगाई होत्या, काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या. त्यांनी ती बोटाने सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उताणी, आणि शेजारी दुसरी. ऑगस्ट संपायच्या आत अकराच्या अकरा गेल्या. खाणारं तोंड उरलं नाही म्हटल्यावर शेवाळ दुपटीने उठलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! पण त्र्यंबकरावांना वाटलं, औषध कमी पडतंय. ते हंडा आठवड्यातून दोनदा चिंचेने घासू लागले.

त्या रविवारी ऋजुताने फोटो मागितला तेव्हा पाठवण्यासारखी एकही बाजू उरली नव्हती. त्र्यंबकराव बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मग त्यांना जूनमधले चाळीस फोटो आठवले. त्यातला एक त्यांनी पाठवला. पलीकडून लगेच लाल बदाम आला. पुढच्या रविवारी दुसरा पाठवला. एकदा तिने विचारलं, "सगळ्या गोगलगाई एकदम डाव्या काचेवर कशा?" "ऊन नको असेल त्यांना," त्यांनी लिहिलं. मग ते तोंडावर पाणी मारून आले.

कोळंब्या दोन होत्या, त्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. नंतर समुद्रफुलाची पाळी आली. दिवसभर उघडं असायचं ते सकाळीच मिटू लागलं. बोटं आखडून बोंडासारखी झाली. तोंड, जे एरवी दिसतही नाही, ते सुरकुतलेल्या पिशवीसारखं उघडं पडलं. मासे सवयीने त्यात शिरायचा प्रयत्न करत आणि परत फिरत. एका सकाळी ते आपल्या दगडावर नव्हतं. तीनदा हलवलं तरी तीनदा परत आलेलं ते फूल दगड सोडून टाकीच्या कोपऱ्यात पाण्याबरोबर वाहत होतं, आणि पंपाच्या धारेत गोल गोल फिरत होतं. त्र्यंबकराव बुटक्या स्टुलावर बसले आणि हमसून हमसून रडले. मंदार गेला तेव्हा घरात माणसं होती, जबाबदारी होती, म्हणून रडायचं राहून गेलं होतं. ते आता झालं.

मग त्यांनी कोळत्तूरच्या मासेबाजारातल्या गिरीधरला फोन केला. मंदार त्याच्याच दुकानातून सामान आणायचा. गिरीधर त्याच दिवशी आला, काचेच्या बारक्या नळ्यांत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, आणि एक नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. पाण्याचा रंग बदलला होता.

"सार, यात तांबं आहे," तो तमिळमध्ये म्हणाला. "टाकीत तांब्यापितळेचं काही पडलं का? नाणं? पंपाची वायर?"

"शक्यच नाही," त्र्यंबकराव ठासून म्हणाले. "या घरात वस्तू पडत नाहीत."

आलेल्याला पाणी द्यावं म्हणून ते उठले. देवघराशेजारच्या हंड्यातून तांब्या भरला, पेला घेतला आणि त्याच्यापुढे धरला. गिरीधरने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. तो हंड्याकडे बघत होता.

"सार, टाकीत वरून कुठलं पाणी घालता?"

त्र्यंबकरावांची नजरही हंड्याकडे गेली. उत्तर देण्याची गरज नव्हती. गिरीधर चांगला माणूस. त्याने आवाज चढवला नाही, खाली बघून सांगितलं. माणसाला हे पाणी बाधत नाही, माशालाही फारसं नाही. पण गोगलगाय, कोळंबी, समुद्रफूल यांना ते थेंबाथेंबाने विष. यंत्राचं गाळलेलं पाणी तर भांड्यातलं तांबं जास्तच ओढतं, त्यात हंडा चिंचेने घासलेला. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं. रोज थोडं, रोज थोडं. आता ते दगडांत मुरलं आहे, वाळूत मुरलं आहे. या दगडांवर पुन्हा कधी काही जगणार नाही, शेवाळाखेरीज.

"शेवाळ काही रोग नव्हता, सार," तो जाताना म्हणाला. "खाणं कमी केलं असतं, हाताने उपटलं असतं, चार वेळा पाणी बदललं असतं, तर दोन महिन्यांत गेलं असतं. सगळ्यांकडे येतं."

अडतीस वर्षं धातूंत काढलेला माणूस. कुठल्या धातूला काय लावलं की काय सुटतं हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण कुमुदिनीबाईंचा हंडा हा धातू आहे, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी समुद्रफुलाचा वास सुटला. ते संपलं होतं. त्र्यंबकरावांनी ते वाटीने अलगद काढलं, पण ठेवायचं कुठे ते कळेना. कचऱ्याच्या बादलीत टाकवेना. शेवटी एका स्टीलच्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून ते घराजवळच्या तिरुमयिलै स्टेशनवर गेले आणि गाडीने तिरुवल्लिकेणीला उतरले. डबा मांडीवर धरला होता, तरी शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून गेली. मरीनाच्या वाळूतून चालत ते पाण्यापर्यंत पोचले. सकाळचे नऊ वाजले होते, पोरं पतंग उडवत होती. त्यांनी डबा लाटेत रिकामा केला, विसळला, आणि कुणी काही विचारायच्या आत परत फिरले. घरी येईतो दहा वाजत आले होते. फोन वाजला.

"कशी आहे टाकी?"

"ठीक आहे," त्र्यंबकराव म्हणाले, आणि जूनमधला एक फोटो पाठवला.

हे सगळं एका बालाजीरावांनाच ठाऊक होतं. भिंत पातळ, आणि त्र्यंबकरावांनीही त्यांच्यापाशी मन मोकळं केलं होतं. बालाजीराव तीनचार वेळा म्हणाले, "अहो राव, खरें सांगून टाका. आज नव्हे तर उद्यां कळणारच कीं. पोरगी शहाणी आहे."

"येऊ दे तिला. समोर बसवून सांगेन," त्र्यंबकराव म्हणायचे. "अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात."

आपल्याकडे हा नियमच आहे. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही, माणूस घरी पोचेपर्यंत त्याला धीर देत राहायचं. हा नियम ज्याने काढला त्याला दुसऱ्याची दया होती की स्वतःची भीती होती, हे कुणी तपासलेलं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. दर रविवारी एक फोटो गेला, दर रविवारी एक लाल बदाम आला. त्र्यंबकरावांनी दगड घासणं सोडून दिलं. मासे दोन तेवढे जिवंत होते, ते हिरव्या केसांत तोंड खुपसून झोपायचे.

डिसेंबरच्या मध्यावर ऋजुता आली. दार उघडल्याबरोबर ते सांगणार होते, वाक्यसुद्धा ठरवलं होतं. पण ती चपला काढून सरळ आत गेली, बॅग न ठेवता. त्यांचं वाक्य दारातच राहिलं.

टाकीची पुढची काच त्यांनी स्वच्छ पुसली होती. त्यामुळे सगळं नीट दिसत होतं.

ती टाकीसमोर उभी राहिली. मग तिने न वळता विचारलं, "कधी?"

"सप्टेंबर."

"आणि फोटो?"

"जूनचे."

ती स्टुलावर बसली. त्र्यंबकराव उभेच राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. खाणं जास्त घातलं तिथपासून मरीनापर्यंत, काही गाळलं नाही. मोरचूद सांगितलं, हंडा सांगितला, चिंच दोनदा लावायचो तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझ्या हातून मेलं ते. तुला जे बोलायचं असेल ते बोल."

"पाण्याचं जाऊ द्या," ऋजुता म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पाणी कुणाच्याही हातून चुकलं असतं. तुम्ही त्याच्यासाठी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलंत, मला कळतं ते." मग तिने बॅग खाली ठेवली. "मंदारच्या वेळी मी नागपूरला होते, मावसबहिणीच्या लग्नाला. तुम्ही फोन केलात. काय म्हणालात आठवतं?"

त्र्यंबकरावांना आठवत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"'मंदारला जरा लागलंय, ठीक आहे, तू ये.' असं म्हणालात. मी विमानात बसले बाबा, आणि सगळा वेळ मी त्याच्यावर चिडले होते. हेल्मेट घातलं नसणार म्हणून. पोचल्यावर काय काय बोलायचं ते ठरवत होते. त्याला आवडते म्हणून संत्र्याची बर्फी घेतली होती. तो सकाळीच गेला होता, आणि मी दुपारभर त्याच्याशी भांडत होते."

"आपल्यात असंच सांगतात, ऋजुता. एकटी प्रवास करणार होतीस—"

"माहीत आहे. म्हणून तेव्हा मी तुम्हाला एका शब्दाने बोलले नाही. पण हे दुसऱ्यांदा झालं, बाबा. ते मेल्यावरही अडीच महिने मी दर रविवारी फोटो मोठा करून बघत बसायचे. आईला दाखवायचे, बघ, हे जिवंत आहे, मी परत जाणार. आईशी भांडले मी यावरून." तिने टाकीकडे पाहिलं. "दोन्ही वेळा तुम्ही मला सांगितलंत, ठीक आहे."

त्र्यंबकराव म्हणाले, गिरीधर म्हणतो नवे दगड आणले तर पुन्हा सुरू करता येईल, नवीन वाळू, नवीन पाणी. आपण दोघं मिळून करू. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही अशी.

ती तीन आठवडे राहिली. भांडण झालं नाही, उलट ती त्यांच्याशी जास्तच प्रेमाने वागली, आणि तेच त्यांना सोसवेना. दोघांनी मिळून टाकी रिकामी केली. बादल्या भरून पाणी काढलं, दगड गच्चीवर नेऊन उन्हात टाकले, तिथे शेवाळ दोन दिवसांत वाळून कागदासारखं सुटलं. मासे गिरीधर येऊन घेऊन गेला. डोळे तपासायला तिने त्यांना एग्मोरच्या दवाखान्यात नेलं, औषधांच्या पुड्यांवर मोठ्या अक्षरांत वेळा लिहिल्या, जेवणाचा डबा लावून दिला. मग एका संध्याकाळी तिने सांगितलं की कंपनीने पुण्यातच कायम राहायचं का असं विचारलं आहे आणि तिने होकार दिला आहे. त्र्यंबकराव म्हणाले, "बरं केलंस." ते त्यांना मनापासून वाटत होतं की नाही हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

निघताना ती वाकून नमस्कार करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तब्येतीचं काही झालं तर खरं सांगाल ना मला? फोनवर?"

"सांगेन."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, हे त्यांना दिसलं.

आता रविवारी दहाला तिचा फोन येतो. ती विचारते, "कसे आहात?" ते सांगतात, "ठीक आहे." ते खरंच ठीक असतात. गुडघा दुखत असेल तर तेही सांगतात, रक्तदाब किती ते आकड्यांत सांगतात, डब्यातली भाजी खारट होती इथपर्यंत सांगतात. ती ऐकते, हसते, काळजी घ्या म्हणते आणि फोन ठेवते. मग लगेच भिंतीपलीकडे बालाजीरावांचा फोन वाजतो. बालाजीराव हळू बोलायचा प्रयत्न करतात, पण कान जड असलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"हो अम्मा, सकाळींच बघितलों त्यांना. चालायला गेलते. जेवतात, हो. नाही, मी लपवत नाहीं. खरेंच सांगतों."

त्र्यंबकराव भिंतीशी उभे राहून ते सगळं ऐकतात, आणि पलीकडचा फोन ठेवला गेला की आंघोळीला जातात.